सुपरमार्केटातली हाक

"एक्सक्यूज मी, व्हेअर कॅन आय फाइंड द सेमोलिना?"

वाक्य तोंडातून सरळ बाहेर पडलं, कुठं अडखळलं नाही, आणि मीच चकित झाले. समोरचा दाढीवाला बाप्या फळीवर डबे मांडत होता. त्यानं माझ्या साडीकडं आणि साडीखालच्या पांढऱ्या बुटांकडं एकदा बघितलं, हसला आणि म्हणाला, "आइल नाइन, माय लव्ह."

'माय लव्ह' आमच्या धड्यात नव्हतं. धड्यात 'मॅडम' होतं. पण आइल नाइन म्हणजे नऊ नंबरची ओळ, हे मला कळलं होतं. मी "थँक यू व्हेरी मच" म्हणाले आणि मान ताठ करून निघाले. नऊ नंबरला खरोखरच रवा होता. जाडा नव्हता, पण रवा होता.

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा कराडात आमच्या वाचनालयाच्या माडीवर कारखानीस बाई वर्ग घ्यायच्या. कन्याशाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. ज्यांची पोरं परदेशात गेली अशा आम्हा बायकांना रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी शिकवायचा त्यांनी विडाच उचलला होता. विमानतळ, डॉक्टर, शेजारी, सुपरमार्केट असे त्यांनी धडे पाडले होते. विमानतळावर माझ्या मुलानं, उदयनं, चाकाच्या खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. त्या खुर्चीत बसलं की कुणाशी बोलावंच लागत नाही. डॉक्टरची वेळ येऊ नये. शेजारी दिसतील तेव्हा दिसतील. मी सुपरमार्केट धरलं आणि घोकून पक्कं केलं. बाई स्वतः दुकानदार व्हायच्या, वेताची खुर्ची म्हणजे ट्रॉली, आणि आम्ही पाळीपाळीनं ती ढकलत विचारायचो. हे कितीला, ते कुठाय, याची तारीख उलटली आहे का, दुसऱ्या मापात मिळेल का, मी हे घेते.

आमचे हे मात्र वर्गाचं नाव काढलं की हसायचे. एसटीच्या वर्कशॉपात हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. इंग्रजीतले शब्द ह्यांना फक्त इंजिनाच्या पोटातले माहीत.

"दुकानदाराला पैशे पायजेत," हे म्हणायचे. "नोट दाव, तुझी कराडी भाषा बी त्याला समजंल."

"तुम्ही या माझ्याबरोबर आणि बघा मी काय बोलते ते," मी म्हणायचे.

आता ती वेळ आली होती. उदय पीटरबरो नावाच्या गावात राहायचा. सून अर्चना बाळंत झालेली, तिची आई आपल्या वाट्याचे महिने संपवून परत गेली आणि पाळी आमच्यावर आली. त्या सकाळी बाळाला डोस द्यायला दवाखान्यात न्यायचं होतं. उदय म्हणाला, "आई, तुम्हाला दुकानापाशी सोडतो. तुम्ही फिरा, लागेल ते घ्या. आम्ही येताना घेऊन जातो." मी एका पायावर तयार. ह्यांना पोरानं आणलेलं नवं जाकीट घालायला लावलं आणि निघालो.

ते दुकान म्हणजे आमचा अख्खा बसस्टँड आत बसेल एवढं होतं. ह्यांना मी पावांच्या फळीपाशी ट्रॉली धरून उभं केलं.

"इथनं हलायचं न्हाई," मी सांगितलं. "मी रवा बघून येते."

"मी काय ल्हान पोरगं हाय?" हे म्हणाले. पण उभे राहिले.

रव्याची पिशवी छातीशी धरून मी परत आले. काय बोलले, कसं बोलले, हे ह्यांना रंगवून सांगायचं मी वाटेतच ठरवलं होतं. ट्रॉली होती. तिच्यात माझी पिशवी होती. हे नव्हते.

पहिल्यांदा राग आला. ह्यांना एका जागी उभं राहणं जन्मात जमलेलं नाही. लग्नाच्या गर्दीत, देवदर्शनाच्या रांगेत, सगळीकडं हा माणूस 'आलोच' म्हणून जातो आणि कुणाची तरी गाडी दुरुस्त करताना सापडतो. मी ट्रॉली ढकलत शेजारच्या ओळीत डोकावले, मग पलीकडच्या. मोटारीचं तेल आणि पाने-पक्कड ठेवलेली एक फळी होती, तिथं हमखास असणार म्हणून गेले. तिथंही नव्हते.

तिथं उभी असताना मला सकाळची पोह्यांची बशी आठवली.

ह्यांना साखरेचा आजार. सकाळी पोटात सुई टोचून घ्यायची आणि लगेच पोटभर खायचं, असा नियम. त्या दिवशी सुई घेतली, पोह्यांचे दोन घास खाल्ले आणि उदय खाली किल्ल्या वाजवत उभा आहे म्हणून बशी तशीच ठेवून उठले. 'दुकानात खाऊ कायतरी' म्हणाले. सुईनं आपलं काम केलं असणार, आणि पोटात तर काहीच नव्हतं. कराडला एकदा असंच झालं होतं. न्हाणीघराच्या दारात हे घामानं थबथबून बसले होते, मला ओळखेनात. आमचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, साखर वाढली तर माणूस सावकाश खचतो. उतरली तर वेळ देत नाही. तोंडात साखर गेलीच पाहिजे." तेव्हापासून ह्यांच्या कोटाच्या खिशात मी खडीसाखरेची पुडी ठेवते. तो कोट घरी खुंटीला होता. अंगात नवं जाकीट.

मग माझी चाल बदलली. रवा आणि माझी पिशवी काखेत मारली, ट्रॉली सोडून दिली आणि ओळीमागून ओळ बघत सुटले. साडी नेसलेली दुसरी कुणी नव्हती, सगळे माझ्याकडं बघत होते, त्याची मला फिकीर नव्हती. एका बाईला गाठलं. चांगले कपडे केलेली, वयानं माझ्याएवढी.

"एक्सक्यूज मी," मी म्हणाले, "आय अॅम लुकिंग फॉर माय हसबंड."

"सो अॅम आय, डार्लिंग," ती म्हणाली. मीसुद्धा तेच शोधतेय. आणि खळखळून हसत पुढं गेली.

ती चेष्टा होती हे मला अर्चनानं संध्याकाळी सांगितलं. त्या क्षणी मला वाटलं, हिचाही हरवलाय. म्हणजे इथं हे रोजचंच असावं. खरं सांगते, थोडा धीरच आला.

धड्यात वस्तू शोधायची सगळी वाक्यं होती. माणूस शोधायचं एकही नव्हतं. मी आहे त्यातच भागवायला लागले. 'व्हेअर कॅन आय फाइंड माय हसबंड' असं एका पोरीला विचारलं, ती गोंधळून बाजूला झाली. मग तो मघाचा दाढीवाला दिसला. त्याच्या बाहीला धरलं. म्हणाले, "माय हसबंड. नो आइल. शुगर. डायबिटीस. इंजेक्शन येस, फूड नो."

कारखानीस बाईंनी ऐकलं असतं तर मला वर्गातून उठवलं असतं. पण त्या बाप्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं हातातला डबा तिथंच खाली ठेवला आणि मला जवळजवळ ओढतच पुढच्या काउंटरपाशी नेलं.

काउंटरवर एक पोक्त बाई होती. चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, छातीवर नावाची पट्टी, मॉरीन. दाढीवाल्यानं तिला भराभर सांगितलं आणि स्वतः शोधायला आत पळाला. मॉरीननं मी पिशवीतून काढलेली उदयच्या नंबराची चिठ्ठी घेऊन फोन लावला. कुणी उचलला नाही. बाळाला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसलेला माणूस फोन कुठून उचलणार! मग तिनं माइक जवळ ओढला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "व्हॉट्स हिज नेम, लव्ह?"

एवढा सोपा प्रश्न. धड्यातला पहिला. आणि तोच मला सुटेना.

आज कुणाला हे खरं वाटायचं नाही. आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी तर घेतलंच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी धरून बसवलं की घेतलं, यमकाच्या आडोशानं घेतलेलं चालतं. पण नुसतं, उघडं नाव कधी नाही. मतदार यादीवाला आला की मी त्याला शेजारणीकडं पाठवत असे, ती सांगायची. दवाखान्यात 'उदयचे वडील'. ह्यांचं नाव देवाचं आहे, तर त्या देवाचंही नाव मी फिरवून घेते, मारुतीराया म्हणते.

ही नुसती लाज नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला चुलीपुढं बसवून सांगितलं होतं, "सूनबाई, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं. माझ्या जावेनं बोलता बोलता घेतलं हुतं. वरीस सरलं न्हाई." मी शिकलेली होते, सातवी पास होते. ह्यावर विश्वास ठेवायचा नाही एवढी अक्कल मला होती. पण विश्वास नाही म्हणून उगीच नाव घेऊन बघावं, एवढी छातीही नव्हती. आपल्याला काय कमी पडतंय? 'अहो' म्हटलं तरी येतातच की. न घेऊन काही बिघडत नव्हतं, आणि घेऊन बिघडलं तर?

"हिज नेम?" मॉरीननं पुन्हा विचारलं.

"मोहिते," मी म्हणाले. आडनावाला काही होत नाही.

तिनं माइकवर सांगितलं. मिस्टर मोहिते, कृपा करून काउंटरपाशी या, तुमची बायको वाट बघतेय, असं काहीतरी. दुकानात वाजणारं गाणं थांबलं, तिचा आवाज घुमला, पुन्हा गाणं सुरू झालं. आम्ही दोघी आतल्या ओळींकडं बघत राहिलो. कुणी आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. माणसं ट्रॉल्या ढकलत होती, एक पोर रडत होतं. मला आधीच ठाऊक होतं. आम्ही आत शिरल्यापासून त्या भोंग्यातून एक बाई सारखी काही ना काही सांगत होती. हे कशाला कान देतील? घरी मी बोललेलं ऐकत नाहीत.

"डझ ही स्पीक इंग्लिश?" मॉरीननं विचारलं.

मी 'नाही' अशी मान हलवली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, काउंटरची छोटी फळी उचलून मला आत घेतलं आणि माइक माझ्या तोंडापुढं वळवला. बटण कसं दाबून धरायचं ते दाखवलं. "यू कॉल हिम," म्हणाली.

मी बटण दाबलं.

"अहो," मी म्हणाले.

माझाच आवाज वरून, मागून, सगळीकडून माझ्या अंगावर आला. मी दचकले.

"अहो, ऐकताय का? मी हितं हाय, पुढं. बिलं करत्यात तिथं. या की लवकर."

काही नाही. मी पुन्हा म्हणाले. "अहो, कुठं हायसा? आवाज तरी द्या."

दाढीवाला लांब एका ओळीच्या तोंडाशी दिसला. त्यानं हात पसरून 'नाही' अशी खूण केली आणि पुढच्या ओळीत शिरला.

कराडला न्हाणीघराच्या दारात हे बसले होते तेव्हाही मी 'अहो, अहो' म्हणून ओरडत होते आणि हे माझ्या पलीकडं कुठंतरी बघत होते. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं होतं, "शुद्ध जायला लागली की नावानं हाक मारायची, वहिनी. माणूस बाकी सगळं विसरतो, नाव लवकर विसरत नाही." मी तेव्हा पदर तोंडाला लावून हसले होते. म्हटलं, मी आणि ह्यांना नावानं?

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. आणि मी, खोटं कशाला सांगू, मी मनात यमक जुळवत होते. तिथं, त्या काउंटरमागं उभी राहून, नवरा कुठंतरी कोसळला असताना, मी उखाणा शोधत होते! म्हणजे नाव तर जाईल आणि पाप लागणार नाही. आयुष्यात पन्नास उखाणे पाठ, आणि त्या वेळी एक ओळ आठवली तर शपथ. आयुष्य झिजेल म्हणून जिवाला भ्यायचं, आणि तो जीव आत्ता, इथं, कुठल्या तरी फळीआड चाललाय. मला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली. झिजायला मुळात राहिलं तर पाहिजे!

मी बटण दाबलं.

"हणमंत!"

दुकान गप्प झालं असं मला वाटलं. झालं नसेलही.

"हणमंत! ऊठ. कुठं हायस तू? ऊठ बघू, हणमंत! इकडं ये!"

'तू' म्हणाले मी. ठरवून नाही. त्या नावापुढं 'या' आणि 'उठा' बसेचना. नुसत्या नावानं हाक मारायची तर ती अशीच मारतात. मी आणखी एकदा श्वास घेतला आणि दुकानाच्या पार मागच्या टोकाकडून, फळ्यांच्या वरून, आवाज आला.

"आलो गं आये!"

मी काउंटरची फळी न उचलताच खालून वाकून बाहेर पडले. या वयात, साडीत. मॉरीन माझ्यामागं आणि दाढीवाला दुसऱ्या बाजूनं, आवाज ज्या दिशेनं आला तिकडं आम्ही धावलो.

शेवटच्या आधीच्या ओळीत लाकडी चौकटीवर पिठाच्या पिशव्यांची माणसाएवढी उंच चळत रचून ठेवली होती, फळीवर लावायची बाकी असावी. त्या चळतीच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत हे जमिनीवर मांडी घालून बसले होते. मघाशी त्या ओळीच्या तोंडाशी मी दोनदा येऊन गेले होते. उभा माणूस शोधत होते ना, खाली बसलेला दिसणार कसा! कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते, आणि उठायचा प्रयत्न करत होते, पण गुडघे साथ देत नव्हते. मांडीवर साखरेची कागदी पिशवी होती. दोन्ही हातांनी धरलेली. बंद.

"अहो, साखर हातात हाय की तुमच्या!" मी ओरडले. "खाल्ली का न्हाई?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं का नाही देव जाणे. पण उत्तर दिलं.

"बिल कुठं झालंय अजून?"

मी खाली बसले. पिशवी ओढून घेतली, दातांनी तिचा कोपरा फाडला आणि मूठभर साखर ह्यांच्या तोंडात घातली. अर्धी सांडली. "चावा," म्हटलं, "गिळा." आणखी घातली. दाढीवाला कुठूनसा संत्र्याच्या रसाचा डबा घेऊन आला. त्यानं तो फोडून ह्यांच्या ओठांना लावला, त्याचंही बिल झालेलं नव्हतं. मॉरीननं रुमालानं ह्यांचं कपाळ पुसलं. ती सारखी काहीतरी म्हणत होती, मला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं.

थोड्या वेळानं ह्यांच्या बोटांची थरथर थांबली. मग ओठांवर रंग आला. मग ह्यांनी आजूबाजूला बघितलं, आपण जमिनीवर बसलोय, भोवती गोरी माणसं उभी आहेत, बायको साखरेनं बरबटली आहे. आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"रवा मिळाला का?"

मी रडायला लागले. इतका वेळ रडले नव्हते. मोठ्यानं, गावाकडच्यासारखी, पदरात तोंड घालून रडले. मॉरीन शेजारी फरशीवर बसली आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ह्यांनी तेवढ्यात दाढीवाल्याला हातवारे करून विचारून घेतलं होतं, की पिठाची ही चळत अशी वाकडी का रचली, एखाद्याच्या अंगावर पडंल.

मॉरीन रुग्णवाहिका बोलवायची म्हणत होती. हे उठून उभे राहिले, दोन्ही हात कमरेवर ठेवून एक बैठक मारून दाखवली आणि म्हणाले, "नो. ओके. टॉप गिअर." तीही हसली. तरी तिनं आम्हाला दुकानाच्या दारापाशी बाकावर आणून बसवलं, ह्यांच्या हातात चीजचा पाव ठेवला आणि तो संपेपर्यंत समोरून हलली नाही.

मग मी उठले. फाटलेली साखरेची पिशवी, रसाचा रिकामा डबा आणि रव्याची पिशवी घेऊन बिलाच्या रांगेत गेले. गल्ल्यावरच्या पोरानं फाटकी पिशवी बघितली आणि दुसरी आणायला उठायला लागला. मी त्याला थांबवलं. हे वाक्य मला चांगलं येत होतं.

"नो, नो. आय विल टेक इट," मी म्हणाले.

मॉरीननं लांबून त्याला हात हलवून काहीतरी सांगितलं. त्यानं रव्याचेच पैसे घेतले. मी वाद घातला, पण वाद घालायचा धडा आमचा झाला नव्हता.

सासूबाईंच्या हिशेबानं ह्यांचं आयुष्य त्या दिवशी चांगलंच झिजायला हवं होतं, मी काही एकदाच हाक मारली नव्हती. कितीतरी दिवस माझ्या मनात धाकधूक होती, ती कुणाला सांगितली नाही. ह्यांना साधा ठसका लागला तरी मी माइकपुढं उभी असल्यासारखी हबकायचे. पण वर्षं गेली. नातू आता मिशीला तेल लावायच्या वयाचा झाला. हे पंच्याऐंशीच्या घरात आहेत, सुई अजून चालू आहे, आणि आत्ता मी हे सांगतेय तेव्हा बाहेर परड्यात कुणी तरी पेरू तोडले म्हणून शेजाऱ्याशी भांडतायत. तेव्हा भ्यायची आता हौस उरली नाही.

पण त्या दिवसाचं सांगते. रवा आणि फाटकी साखर घेऊन मी बाकावर ह्यांच्या शेजारी येऊन बसले. उदय यायचा होता. काचेच्या दारांतून माणसं आत-बाहेर करत होती. हे पावाचे तुकडे जाकिटावरून झटकत होते, आणि मला माहीत होतं, हे आता विचारणार.

"मला हाक कुणी मारली?"

"मॉरीन बाईनं," मी म्हणाले.

"त्या बाईला मराठी येतंय व्हय?"

हे माझ्याकडं वळून बघत होते. चिडतील असं वाटत होतं. भरल्या दुकानात, एवढ्या माणसांत, भोंग्यावरून बायकोनं नावानं हाक मारली, आणि तेही एकेरी. आमच्या गावात ही गोष्ट कळली असती तर ह्यांच्या मित्रांनी चावडीवर ह्यांना जगू दिलं नसतं.

"मी मारली," मी म्हणाले. "काय करणार? दुसरं काय सुचंना. चूक झाली असंल तर..."

"मला वाटलं, आये हाय," हे म्हणाले.

पुढं बोलले तेव्हा आवाज हळू होता, ह्यांचा एरवी तसा नसतो.

"वर्कशॉपात सगळी मिस्त्री म्हणायची. मग मोहिते. मग मोहितेसाहेब. पोरं पप्पा, नातवंडं आता आजोबा म्हणतील. तू अहो. आये गेली तवापास्नं मला कुणी नावानं हाकच मारली न्हाई. मी तिथं खाली बसलो हुतो, अंधारत चाललं हुतं. म्हटलं, पडावं हितंच निवांत. आन् एकदम नाव आलं."

मी पदराच्या टोकाला लागलेली साखर झटकत राहिले. ह्यांच्याकडं बघायची सोय नव्हती.

"बरं वाटलं," हे म्हणाले.

काचेपलीकडं उदयची गाडी वळून आत शिरताना दिसली. अर्चना मागं बसली होती, मांडीवर बाळ. अजून त्यांनी आम्हाला बघितलं नव्हतं.

"परत एकदा मार की," हे म्हणाले. "पोरं यायच्या आत."

मी इकडंतिकडं बघितलं. आपलं कुणी नव्हतं. असतं तरी काय, म्हटलं.

"हणमंत," मी म्हणाले.

"ओ," हे म्हणाले.